जुन्या फटफटीस पेट्रोल कां पोहोंचत नाहीं?

खापा व त्याच्या आसपासचीं कन्हानकांठचीं गांवें घेतलीं, तर ज्याच्या ओसरीशीं एखादी फटफटी उभी नाहीं असें शेतकऱ्याचें घर आतां क्वचितच आढळेल. ह्यांतल्या बऱ्याच गाड्या नव्या घेतलेल्या नसतात. १९८५ सालीं निघालेली हिरो होंडाची सीडी १००, त्याच कारखान्याची १९९४ सालची स्प्लेंडर, बजाजच्या शंभर सीसीच्या गाड्या, ह्या दोनतीन मालकांच्या हातून फिरून शेवटीं शेतावर येतात. आणि येथें त्यांना जें काम पडतें तें बनविणारानेंही कल्पिलें नसेल. दुधाच्या कॅना, संत्र्यांचे क्रेट, फवारणीचा पंप, खताचें पोतें, आणि वेळप्रसंगीं सावनेरच्या दवाखान्यांत न्यावयाचा आजारी मनुष्य, हें सर्व तिच्यावरच. अशी गाडी ऐन हंगामांत अडून बसली म्हणजे नुकसान केवळ दुरुस्तीच्या पैशाचें होत नाहीं. दूध नासतें, मजूर शेतांत वाट पाहत बसतात, बाजाराची वेळ टळते.

गाडी अडण्याचीं कारणें पुष्कळ आहेत. परंतु आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, जुन्या लहान गाडीचीं बहुतेक दुखणीं पेट्रोलच्या वाटेवरचीं असतात, आणि खर्च मात्र भलत्याच जागीं होतो. प्लग बदलतात, कॉईल बदलतात, शेवटीं इंजिन खोलून बोअर करण्यापर्यंत गोष्ट जाते. आणि दोष असतो कोठें, तर एखाद्या सुईच्या अग्राएवढ्या भोकांत. म्हणून हा रोग ओळखावा कसा, हें आज थोडें विस्तारानें लिहिण्याचें योजिलें आहे. हत्यारें फार लागत नाहींत. एक पेचकस, प्लगचा पाना, पक्कड आणि एक स्वच्छ कांचेची बाटली एवढ्यावर भागतें.

ज्याला पाटाचें पाणी देतां येतें त्याला हा रोग ओळखतां येईल, असें आम्ही खात्रीनें सांगतों. शेवटच्या वाफ्यांत पाणी येत नसलें, तर शहाणा कुणबी वाफ्यास दोष देत बसत नाहीं. तो विहिरीपासून निघून पाट धरून चालतो, आणि जेथपर्यंत पाणी वाहतें व जेथून पुढें वाहत नाहीं, त्या दोन जागांच्या मध्यें फावडें घालतो. येथेंही तेंच करावयाचें आहे. फरक इतकाच कीं, हा पाट हातभर लांबीचा आहे व बराचसा झांकलेला आहे.

तो पाट असा. टाकी उंचावर असते, व पेट्रोल आपल्या वजनानें खालीं उतरतें. जुन्या लहान गाडींत त्यासाठीं निराळा पंप नसतो. टाकीच्या झाकणांत एक बारीक वाट ठेवलेली असते, तिच्यांतून हवा आंत जाते. टाकीच्या बुडाशीं कॉक. त्याच्या आंतल्या तोंडाशीं जाळी. तेथून रबरी नळी. नळींत बहुधा एक लहानसा फिल्टर. आणि मग कार्बोरेटर. कार्बोरेटरच्या खालच्या वाटींत पेट्रोल सांठतें. घरच्या पाण्याच्या टाकींत जसा चेंडूचा कॉक असतो, तसा ह्या वाटींत तरंगता फ्लोट असतो. पेट्रोल चढलें कीं तो वर उचलला जाऊन एका सुईनें येणारी वाट बंद करतो, उतरलें कीं उघडतो. वाटींतून पेट्रोल वर ओढलें जातें तें दोन बारीक तोट्यांतून, त्यांस जेट म्हणतात. लहान जेट गाडी जागेवर मंद चालतांना कामास येतें, मोठें जेट वेग घेतांना. लहान जेटाचें भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतें. एका भाग पेट्रोलास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते; हें प्रमाण बिघडलें कीं गाडी कुरकुर करूं लागते.

प्रथम हें ठरवावें कीं, दोष पेट्रोलचा आहे कीं ठिणगीचा. आठदहा किका मारून प्लग काढून पाहावा. प्लगचें टोक ओलें असून पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोहोंचत आहे; दोष बहुतकरून ठिणगीचा, नाहींतर पेट्रोल प्रमाणाबाहेर येत आहे. टोक अगदीं कोरडें व वास नाहीं, तर पेट्रोल आलेंच नाहीं असें समजावें. ठिणगी पाहावयाची ती पेट्रोलचें कोणतेंही तोंड उघडण्यापूर्वीं पाहून घ्यावी, मागाहून नाहीं. कारण पेट्रोलची वाफ दिसत नाहीं, जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते, आणि एका ठिणगीनें पेट घेते. हें काम उघड्या अंगणांत, इंजिन थंड झाल्यावर करावें. चुलीपासून दूर असावें, आणि पाहावयास जमलेल्या मंडळींपैकीं कोणाच्या हातांत विडी असेल तर त्यास आदरपूर्वक घालवून द्यावें.

आतां बाटलीची परीक्षा. कार्बोरेटरच्या वाटीच्या बुडाशीं एक लहान स्क्रू असतो व त्याच्याजवळ एक तोटी. तोटीखालीं बाटली धरून कॉक चालू ठेवावा व स्क्रू दोन आटे सैल करावा. पहिल्यानें वाटींतलें सांठलेलें पेट्रोल भसकन् येईल; त्यावर भरंवसा ठेवूं नये. त्यानंतर काय होतें तें पाहावयाचें आहे. बारीक पण सारखी धार मिनिटभर चालू राहिली, तर टाकीपासून वाटीपर्यंत पाट मोकळा आहे आणि अडथळा पुढें, म्हणजे जेटांत आहे. धार हळूहळू क्षीण होऊन थेंबावर आली, तर अडथळा मागें आहे. मग कॉक बंद करून रबरी नळी कार्बोरेटरपासून काढावी, तिचें तोंड बाटलींत धरून कॉक उघडावा. नळींतून धार जोरानें आली तर फ्लोटची सुई अडकली आहे असें निघतें. नळींतूनही आली नाहीं तर टाकीचें झाकण उघडून पाहावें. झाकण उघडतांच धार वाढली, तर दोष झाकणाचा. तरीही न वाढली, तर फिल्टर काढून पाहावा, आणि त्यानंतर कॉकची जाळी. प्रत्येक वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गाडी सुरू होईल, पण कशानें झाली हें कळणार नाहीं, व पुढच्या खेपेस पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

झाकणाविषयीं विशेष लिहिणें अवश्य आहे; कारण ही वाट सर्वांच्या डोळ्यांसमोर असून कोणी पाहत नाहीं. आमच्या इकडील एका तरुण शेतकऱ्याची गोष्ट सांगतों. त्यानें शंभर सीसीची जुनी गाडी घेतली होती व तिच्यावरून तो रोज सकाळीं दूध पोहोंचवीत असे. दसऱ्यानंतर गाडी वाटेंत बंद पडूं लागली. दहा मिनिटें थांबलें कीं पुन्हां सुरू व्हावी, आणि कांहीं अंतरावर पुन्हां बसावी. मिस्त्रीनें प्लग बदलला, नंतर कॉईल बदलली. तीन आठवड्यांत अडीच हजार रुपये गेले. दोनदां दूध वेळेवर न पोहोंचल्यामुळें परत आलें. चमत्कार असा कीं, कांहीं दिवशीं गाडी एकाच पुलाजवळ बंद पडे. त्यामुळें गांवांत त्या जागेविषयीं नाहीं नाहीं तें बोललें जाऊं लागलें. इंजिन खोलावें लागेल असें मिस्त्रीनें सांगितल्यावर तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “काकाजी, गाडी विकूनच टाकतों आतां.”

आम्हीं त्यास दोनच प्रश्न विचारले. पुलाजवळ बंद पडते ती कोणत्या दिवशीं, आणि ती पुन्हां सुरू होण्यापूर्वीं तूं काय करतोस? पहिल्याचें उत्तर, टाकी काठोकाठ भरली असेल त्या दिवशीं. टाकी अर्धी असली म्हणजे गाडी दीड कोस जाते. दुसऱ्याचें उत्तर, “पेट्रोल आहे कीं नाहीं तें झाकण उघडून पाहतों.” ह्या दोन उत्तरांत सर्व निदान आलें. झाकणाची वाट बुजली म्हणजे पेट्रोल खालीं उतरतांना त्याच्या जागीं हवा येत नाहीं. टाकींत ओढ उत्पन्न होते व पेट्रोल वरच धरून ठेवलें जातें. तोंडावर बोट ठेवलेल्या नळींतलें पाणी जसें खालीं पडत नाहीं, तसेंच हें. टाकी भरलेली असली म्हणजे वर हवा थोडी, म्हणून ओढ लौकर उत्पन्न होते व गाडी लौकर बसते. अर्धी असली म्हणजे उशिरां. आणि झाकण उघडलें कीं ‘सूं’ असा आवाज होऊन हवा आंत शिरते. तो समजत होता कीं, इंजिन थंड झाल्यामुळें गाडी सुरू होते. झाकण काढून उजेडांत धरलें, तों वाटेंत दसऱ्याच्या पूजेचें हळदकुंकू व रस्त्याची धूळ ह्यांची वडी बसली होती. ती कोमट पाण्यानें भिजवून, ब्रशानें काढून, झाकण उन्हांत वाळवून बसविलें. एक पैसा खर्च आला नाहीं. गाडीची पूजा अवश्य करावी, पण गंध झाकणावर न लावतां दिव्याच्या वरच्या अंगास लावावें, इतकेंच आमचें सांगणें.

वाहनाच्या पेट्रोलची वाट बुजणें ही गोष्ट वाहनाइतकीच जुनी आहे. जर्मनींत कार्ल बेन्झ ह्यानें बनविलेली मोटार घेऊन त्याची पत्नी बर्था बेन्झ ही १८८८ च्या ऑगस्टांत दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइम येथें आपल्या माहेरीं गेली. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, तेव्हां तिनें आपल्या टोपीच्या टांचणीनें ती मोकळी केली, असें सांगतात. आणि इंधन संपलें तें औषधाच्या दुकानांतून विकत घेतलें. त्या वेळीं वाटेंत मिस्त्री मिळणें शक्यच नव्हतें.

मात्र टांचणीचा हा प्रयोग आपल्या कार्बोरेटरच्या जेटावर कोणी करूं नये. जेट पितळेचें असतें. त्यांत पोलादी तार किंवा टांचणी घातली म्हणजे भोक किंचित् मोठें होतें, आणि मग गाडी जन्मभर अधिक पेट्रोल पिते व काळा धूर टाकते. जेट काढून पेट्रोलांत किंवा कार्बोरेटर धुण्याच्या द्रावणांत भिजत ठेवावें, हवेच्या पंपानें फुंकावें, आणि उजेडाकडे धरून भोक गोल व स्वच्छ दिसतें कीं नाहीं तें पाहावें. फारच घट्ट बसलेली घाण असल्यास ब्रशाचा एक मऊ नायलॉनचा केंस पुरे होतो. तोंडानें फुंकूं किंवा ओढूं नये. पेट्रोल पोटांत किंवा फुप्फुसांत गेल्यास जिवावर बेततें.

बाटलीची परीक्षा करण्यापूर्वींही गाडी आपल्या वागणुकीनें बरेंच सांगत असते. चोक ओढला तरच चालते व चोक सोडतांच बंद पडते, अशी गाडी पेट्रोल कमी मिळाल्याची तक्रार करीत असते: लहान जेट बुजलेलें, किंवा कार्बोरेटर व इंजिन ह्यांच्यामधील रबरी जोड चिरून बाहेरची हवा आंत शिरत असलेली. मंद चालते, पण चढावर किंवा वेग घेतांना गुदमरते, तर मोठें जेट किंवा अर्धवट तुंबलेला फिल्टर पाहावा. टाकी भरलेली असून कॉक ‘रिझर्व्ह’वर ठेवल्याशिवाय चालत नाहीं, तर कॉकची उंच नळी बुजली आहे; रिझर्व्हची वाट अगदीं बुडाजवळ असते व नेहमींची थोडी वर, एवढाच त्या दोहोंत भेद. गाडी उभी असतां कार्बोरेटरखालीं पेट्रोलचे थेंब पडतात, तर सुईखालीं कचरा अडकला आहे किंवा ती झिजली आहे; अशा गाडीचा कॉक रात्रीं बंद केल्याशिवाय ती घरांत घेऊं नये. आणि प्लगचा रंग पाहण्यास विसरूं नये. गव्हाळ असला तर प्रमाण ठीक; पांढुरका असला तर हवा अधिक; काजळीसारखा काळा असला तर पेट्रोल अधिक, किंवा एअर फिल्टर धुळीनें भरलेला. आमच्या कच्च्या रस्त्यांवर एअर फिल्टर किती लौकर भरतो, हें ज्यानें उन्हाळ्यांत मालवाहू ट्रकाच्या मागें गाडी चालविली आहे त्यास सांगावयास नको.

आतां पाण्याविषयीं. बाटलींत काढलेलें पेट्रोल पांच मिनिटें स्थिर ठेवावें. खालीं निराळा थर दिसला, तांबूस गाळ बसला किंवा पेट्रोल गढूळ राहिलें, तर टाकींत पाणी व गंज आहे. पावसाळ्यांत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीस हें नेहमींचें. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी दोनतीन महिने उभी केली, तरी हवेंतला ओलावा आंत सांठतो. अशा वेळीं नुसता कार्बोरेटर धुऊन भागत नाहीं; टाकी उतरवून रिकामी करून, धुऊन, पुरती वाळवून मगच बसवावी, नाहींतर आठ दिवसांत पहिल्या पदावर.

ह्या बाबतींत अलीकडे एक नवी गोष्ट आली आहे, आणि ती शेतकऱ्यासच दोन्हींकडून लागू आहे. आपल्या देशांत पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०१४ सालीं दीड टक्क्याच्या आसपास होतें. २०२२ च्या जूनमध्यें तें दहा टक्क्यांवर गेलें व २०२५ सालीं वीस टक्क्यांवर पोहोंचलें. हें इथेनॉल ऊंस, मका व तांदूळ ह्यांपासून निघतें. म्हणजे ऊंस व मका पिकविणाऱ्याचा माल त्याच्याच गाडीच्या टाकींत परत येतो. मालास गिऱ्हाईक वाढलें हें चांगलेंच. पण जुनी गाडी ठेवणाऱ्यानें त्याचे गुणदोष ओळखून असावें. इथेनॉल पाणी आपल्यांत मुरवून घेतें. थोडें पाणी त्यांत दिसतही नाहीं व गाडीस बाधतही नाहीं. परंतु मर्यादेबाहेर झालें कीं पाणी व इथेनॉल मिळून वेगळीं होतात व टाकीच्या तळाशीं, म्हणजे नेमकीं कॉकच्या तोंडाशीं, बसतात. दुसरें, टाकींत वर्षानुवर्षें चिकटलेली राळ तें सोडवितें. ती वाहत येऊन फिल्टर व जेट बुजवते. तिसरें, जुन्या नळ्या व रबरी चकत्या त्यानें फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. ह्या मिश्रणास टिकणारे भाग घालून गाड्या बनूं लागल्या त्या २०२३ पासून. त्यापूर्वींच्या गाडीची नळी व रबरें दर वर्षीं हातानें दाबून पाहावीं व शंका येतांच बदलावीं. नळीस फार पैसे पडत नाहींत. चौथें, एक लिटर इथेनॉलांतून मिळणारी उष्णता पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांश असल्यामुळें गाडी पूर्वीपेक्षां थोडें कमी अंतर देईल. तेवढ्यावरून कार्बोरेटर बिघडला असें समजून तो पिळत बसूं नये.

कित्येक जण पेट्रोलांत पाणी ओतून ‘भेसळ’ पाहतात, आणि खालचा थर वाढलेला पाहून पंपवाल्याशीं भांडतात. खालचा थर वाढतो तो पेट्रोलांतलें इथेनॉल पाण्यांत उतरल्यामुळें. नव्वद भाग पेट्रोलांत दहा भाग पाणी घालून हालविलें, तर स्थिर झाल्यावर खालचा थर दहांहून जितका अधिक भरेल तितकें ढोबळ मानानें इथेनॉल, असा हिशेब आहे. भांडण करावयाचें असेल तर निदान हा हिशेब पाठ करून जावें.

घरांतील एका घोटाळ्याकडेही लक्ष वेधतों. फवारणीच्या कित्येक पेट्रोलपंपांस तेल मिसळलेलें पेट्रोल लागतें. तें बाटल्यांत भरून फटफटीच्या पेट्रोलशेजारींच ठेवलेलें असतें, आणि घाईंत तेंच फटफटींत ओतलें जातें. मग पांढरा निळसर धूर, काजळलेला प्लग, आणि इंजिन बसल्याची भीति. टाकी रिकामी करून स्वच्छ पेट्रोल भरलें कीं बहुधा निभावतें. उलट, बिनतेलाचें पेट्रोल फवारणीच्या पंपांत पडलें तर पिस्टन धरून पंप कायमचा बिघडतो, म्हणून ही चूक अधिक महाग. दोन निराळ्या रंगांचे डबे ठेवावे, त्यांवर ठळक अक्षरें लिहावीं, आणि दोन्ही डबे धान्य, कीटकनाशकें व चूल ह्यांपासून दूर, मुलांचा हात पोहोंचणार नाहीं असे ठेवावे.

वर लिहिलें तें सर्व कार्बोरेटरच्या गाडीस लागू. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चा नियम आल्यावर नव्या लहान गाड्यांतही बहुशः कार्बोरेटर गेला व त्याच्या जागीं विजेच्या पंपानें दाबून पेट्रोल फवारणारी रचना आली. तिच्या नळींत दाब असतो. ती ह्या रीतीनें उघडूं नये. किल्ली फिरवतांच टाकींतून क्षणभर गुणगुण ऐकूं येत नसेल, तर पंप किंवा त्याचा फ्यूज पाहावयास सांगावें, इतकेंच घरबसल्या करण्यासारखें आहे.

जुनी गाडी घेण्यास जाल तेव्हां विकणारास आधीं कळवावें कीं, गाडी आम्ही येईपर्यंत सुरू करूं नये. इंजिनास हात लावून तें थंड आहे हें पाहावें. गरम केलेली गाडी आपलें दुखणें लपवते. टाकींत बॅटरीच्या उजेडानें गंज पाहावा, काडी ओढून नव्हे. वाटींतलें पेट्रोल बाटलींत काढून पाहावें. मग झाकण घट्ट लावून, टाकी पुष्कळशी भरलेली असतां, निदान तीन कोस गाडी स्वतः चालवावी. आणि आम्हीं महसूल खात्यांत उमर घालविली असल्यामुळें एवढें सांगितल्यावांचून राहवत नाहीं कीं, शेताचा फेरफार नोंदल्याशिवाय जसें शेत दप्तरीं आपल्या नांवावर चढत नाहीं, तसेंच गाडीचेंही आहे. नमुना २९ व नमुना ३० ह्यांवर विकणाराच्या सह्या पैसे देतांनाच घ्याव्या, आणि मालकी बदलल्याची खबर तीस दिवसांचे आंत परिवहन कार्यालयांत द्यावी. नागपूर ग्रामीणच्या गाड्यांचा क्रमांक एमएच ४० नें सुरू होतो. गाडीस पंधरा वर्षें होऊन गेलीं असतील तर नोंदणी पुढें चालवून घेतली आहे कीं नाहीं, हेंही पुस्तकावर पाहून घ्यावें.